चिचेरालेचे हरभरे आणि जगाचा आहार

इटलीच्या दक्षिणेला डोंगरावर चिचेराले नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या बोधचिन्हावर लॅटिनमध्ये एक ओळ आहे, तिचा अर्थ ‘हरभरे पोसणारी भूमी’. कुणी राजा नाही, संत नाही, लढाई नाही; हरभरे. गावाचं नावच मुळी हरभऱ्याच्या लॅटिन नावावरून आलंय. दाणा आपल्या काबुलीच्या जातकुळीतला, पण बाजारातल्या काबुलीपेक्षा लहान, गोलसर, सोनेरी झाक असलेला. पावसाच्या पाण्यावर येतो. झाड उपटायचं, वाळवायचं, काठीने झोडपायचं, उफणायचं. मराठवाड्यातल्या कुणालाही यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

हा सगळा पट्टा चिलेंतो म्हणून ओळखला जातो. सालेर्नो शहराच्या दक्षिणेला, पेस्टमच्या ग्रीक देवळांपासून पुढे समुद्राला लागून पसरलेला डोंगराळ मुलूख. माती पातळ, उतार तीव्र, म्हणून दगडावर दगड रचून केलेले टप्पे आणि त्यावर ऑलिव्ह, अंजीर, द्राक्षं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथली माणसं बोटीत बसून अमेरिका, अर्जेंटिना, ब्राझील, व्हेनेझुएलाकडे जात राहिली, कारण जमीन पोट भरत नव्हती. आणि याच मुलखाचं नाव पुढे जगातल्या सर्वांत गाजलेल्या आहाराशी जोडलं गेलं. चिलेंतोतल्या पोल्लिका या सव्वादोन हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाने ‘भूमध्यसागरी आहार’ (धान्य, भाज्या, फळं, कडधान्यं, ऑलिव्ह तेल आणि थोडंच मांस) युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नेण्यात पुढाकार घेतला, आणि २०१० मध्ये ते झालं.

आपला अन्नवारसा परदेशात कसा न्यावा, असं कुणी विचारलं की पोल्लिकाचं उदाहरण दिलं जातं. ते द्यावंच. पण यात नेमकं काय परदेशात गेलं आणि काय गावातच राहिलं, हे कुणी फारसं उलगडून बघत नाही. मला या प्रकरणात रस आहे तो तेवढ्यासाठी.

नाव आलं कुठून

अँसेल कीज हा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला शरीरक्रियाशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या खिशात जाणारा शिधा त्याने तयार केला, उपासमारीचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो यावर १९४४-४५ मध्ये मोठा प्रयोग केला. १९५१ मध्ये रोमला एका बैठकीत नेपल्सच्या एका प्राध्यापकाने त्याला सांगितलं, की आमच्याकडे हृदयविकार हा काही मोठा प्रश्न नाही. अमेरिकेत तेव्हा धडधाकट दिसणारे, भरपूर खाणारे मध्यमवयीन पुरुष पटापट कोसळत होते. कीजला विश्वास बसेना. पुढच्याच वर्षी तो आणि त्याची पत्नी मार्गारेट, ती जीवरसायनशास्त्रज्ञ, नेपल्सला पोचले आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल मोजायला लागले. कामकऱ्यांचं कमी निघालं, श्रीमंतांचं जास्त.

यातून १९५८ मध्ये सात देशांचा प्रसिद्ध अभ्यास सुरू झाला : अमेरिका, फिनलंड, नेदरलंड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस, जपान. चाळीस ते एकोणसाठ वयाचे जवळपास तेरा हजार पुरुष, सगळे पुरुषच.

आता यातली गंमत. इटलीत या अभ्यासासाठी निवडलेली माणसं होती उत्तरेतल्या क्रेव्हालकोरेची, मध्य इटलीतल्या मोंतेजॉर्जोची, आणि रोमचे रेल्वे कर्मचारी. त्याआधी १९५७ मध्ये चाचणी म्हणून कालाब्रियातल्या निकोतेरा गावात काम झालं होतं. हृदयविकाराच्या बाबतीत सर्वांत नजरेत भरणारे आकडे आले ते ग्रीसच्या क्रीट बेटावरून. चिलेंतो या यादीत कुठेच नव्हता!

चिलेंतोला विज्ञान मिळालं ते शेजारी म्हणून. साठच्या दशकात कीज दांपत्याने पोल्लिकाच्या हद्दीतल्या पिओप्पी या कोळीवाड्यात समुद्राकाठी घर बांधलं. नाव ठेवलं ‘मिन्नेलेआ’, म्हणजे मिनियापोलिस आणि जवळचं प्राचीन ग्रीक नगर एलेआ यांची सांधेजोड. (एलेआ हे पार्मेनिडीस आणि झेनो या तत्त्वज्ञांचं गाव. कासवाची आणि अकिलीसची शर्यत लावणारा झेनो तो हाच.) संशोधनातले काही सहकारीही आसपास घरं करून राहिले. कीज सुमारे चार दशकं तिथे राहिला, बागेत भाजी लावली, शेजाऱ्यांच्या चुलीवर काय शिजतंय ते बघितलं, आणि १९७५ मध्ये पत्नीबरोबर जे पुस्तक लिहिलं त्यात ‘भूमध्यसागरी पद्धत’ हे शब्द जगापुढे ठेवले. २००४ मध्ये अमेरिकेत वारला तेव्हा तो शंभर वर्षांचा होता. स्वतःच स्वतःची जाहिरात होऊन गेलेला माणूस.

कीजवर टीका पुष्कळ झाली आणि ती सगळीच फेकून देण्यासारखी नाही. खाण्यातली चरबी आणि हृदयविकार यांची सांगड दाखवणाऱ्या १९५३ च्या त्याच्या आलेखात सहाच देश का, हा प्रश्न चार वर्षांत विचारला गेला होता. क्रीटमधल्या आहाराची काही मोजणी ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत झाली, जेव्हा सनातनी ख्रिस्ती माणूस मांस आणि दूधदुभतं सोडतो, हाही आक्षेप आहे. चातुर्मासात मराठी घराचं ताट मोजून ‘हे लोक कांदा-लसूण खात नाहीत’ असा निष्कर्ष काढण्यासारखं. आहाराच्या बाजूनेही नंतर चाचण्या झाल्या, स्पेनमधली २०१३ ची सर्वांत गाजली. सहभागींची विभागणी करण्यात चुका सापडल्या म्हणून ती मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त रूपात पुन्हा छापावी लागली, निष्कर्ष मात्र साधारण तेच राहिले. मी इथे आहार चांगला की वाईट याच्या वादात पडत नाही. तो चांगला आहे असं मानायला पुरेसा आधार आहे. माझा मुद्दा गावाचा आहे.

गरिबीचं ताट

पन्नासच्या दशकात चिलेंतोतला शेतकरी हे जे खात होता ते आवडीने खात नव्हता. शिळ्या कडक पावावर पाणी शिंपडायचं, वर टोमॅटो, ऑलिव्ह तेल, ओरेगानो, मीठ. याला आक्वासाले म्हणतात. रुंद पट्ट्यांचा घरगुती पास्ता आणि हरभरे, म्हणजे लागाने ए चेची. रानभाजी, बटाटा, सुकवलेलं अंजीर. मांस सणाला. शेजारच्या ग्रीसमध्ये, क्रीटवर, युद्धानंतर एका अमेरिकी प्रतिष्ठानाने पाहणी केली तेव्हा बहुतेक कुटुंबांनी आपल्या जेवणाबद्दल नाराजी सांगितली होती, त्यांना मांस जास्त हवं होतं. जगाने ज्या ताटाला नमस्कार केला त्या ताटावरून उठून जायची खाणाऱ्याची इच्छा होती. नाचणी-बाजरीची भाकरी खाल्लेल्या आपल्या आज्यांना हे बरोबर कळलं असतं; पोरांच्या ताटात गव्हाची पोळी पडली तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता, आणि आता त्याच नाचणीचं बिस्कीट दामदुप्पट भावाने येतं.

वारसा म्हणून मिरवताना अजून एक गोष्ट सोयीने विसरली जाते. टोमॅटो भूमध्यसागराचा नाही. कोन्त्रोनेचा पांढरा घेवडा, ज्याचं चिलेंतोत मोठं कौतुक, त्याचंही कूळ अमेरिका खंडातलं. सोळाव्या शतकानंतर आलेल्या बियाण्यांनी हे ताट भरलंय. वारसा म्हणजे जुनंच असं नाही. कुणी बियाणं धरून ठेवलं, दरवर्षी पेरलं, निवडलं, तर तीन-चार शतकांत ते घरचं होतं. आपल्या मिरचीचंही तेच.

कोळी महापौर

आंजेलो वास्साल्लो हा पोल्लिकाचा महापौर मूळचा कोळी. लोक त्याला ‘कोळी महापौर’च म्हणत. सांडपाणी समुद्रात जाऊ नये म्हणून त्याने जोर लावला, किनारा स्वच्छ ठेवला, आणि रस्त्यात सिगारेटचं थोटूक टाकणाऱ्याला एक हजार युरोपर्यंत दंडाचा हुकूम काढून देशभर गाजला. त्याचा हिशोब सरळ होता. गावाकडे कारखाना नाही, बंदर मोठं नाही. विकण्यासारखं एकच : स्वच्छ पाणी आणि आपण खातो ते जेवण. कीजचं घर गावातच होतं. मग या आहारालाच वारसा म्हणून मान्यता का मागू नये?

अर्ज चार देशांनी मिळून केला. इटलीकडून चिलेंतो, ग्रीसकडून कोरोनी, मोरोक्कोकडून शेफशावेन, स्पेनकडून सोरिया. सोरिया हे थंड पठारावरचं, समुद्रापासून आत असलेलं गाव आहे, हे नकाशात बघितल्यावर मला जरा हसू आलं. पण अर्जातला युक्तिवाद चांगला होता. पोषणमूल्यं, उष्मांक, हृदय यांवर भर न देता ‘डाएट’ ज्यावरून आला त्या ग्रीक ‘दियाइता’ या शब्दाचा त्यांनी मूळ अर्थ धरला : जगण्याची रीत. पेरणी, काढणी, मासेमारी, साठवण, रांधणं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एकत्र बसून जेवणं, भूदृश्यापासून ताटापर्यंत. वारसा म्हणून नोंदवायचं ते हे सगळं ज्ञान, पदार्थांची यादी नव्हे.

५ सप्टेंबर २०१० च्या रात्री घरी परतताना वास्साल्लोच्या गाडीवर नऊ गोळ्या झाडण्यात आल्या. तो जागीच गेला. तपास पुढे कित्येक वर्षं रेंगाळत राहिला. १६ नोव्हेंबर २०१० ला नैरोबीत युनेस्कोच्या समितीने भूमध्यसागरी आहाराची नोंद केली. मधे अडीच महिनेही नव्हते.

२०१३ मध्ये पोर्तुगाल, क्रोएशिया आणि सायप्रस जोडले गेले आणि देश सात झाले.

पाटी आणि कागद

इथे दोन गोष्टींमध्ये गल्लत होते, ती आपल्याकडेही होते, म्हणून जरा थांबतो.

युनेस्कोची अमूर्त वारशाची नोंद ही मालकी नाही. ती नोंद झाल्यावर ‘भूमध्यसागरी’ हा शब्द वापरायला पोल्लिकाची परवानगी लागत नाही. कुठल्याही देशातला कुठलाही कारखानदार आपल्या पाकिटावर, बाटलीवर, हवाबंद सॅलडच्या डब्यावर तो शब्द छापू शकतो, आणि छापतो. नोंदीबरोबर बांधबंदिस्तीला पैसाही आपोआप येत नाही.

याउलट युरोपातलं मूळस्थानाचं मानांकन हा कायदा आहे. चिलेंतोच्या ऑलिव्ह तेलाला असं मानांकन आहे, पांढऱ्या अंजिराला २००६ पासून आहे. हद्द आखलेली, वाण ठरलेले, तपासणी ठरलेली. बाहेरच्याने नाव वापरलं तर त्याला गाठता येतं. आपल्या हापूसचं भौगोलिक मानांकन २०१८ चं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांपुरतं. तरी मुंबईच्या रस्त्यावर कर्नाटकचा आंबा ‘हापूस’ म्हणून विकला जातोच. म्हणजे कायदा असूनही पहारा लागतो. मग ज्या नावाला कायदाच नाही त्याचं काय होणार?

त्याचं काय होतं ते १९९३ पासूनच दिसत होतं. त्या वर्षी अमेरिकेत केंब्रिजला भरलेल्या परिषदेत आहाराचा त्रिकोणी मनोरा मांडण्यात आला : तळाशी धान्य, भाज्या, फळं, कडधान्यं, मधे ऑलिव्ह तेल, टोकावर थोडं मांस. चित्र सुटसुटीत, भिंतीवर लावण्याजोगं. त्याने जगाला पटवलं ते मुख्यतः ऑलिव्ह तेलाचं महत्त्व. आता ऑलिव्ह तेलाचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक स्पेन. इटली स्वतः बाहेरून तेल आणते, मिसळते, बाटलीत भरते आणि पुन्हा जगाला विकते; बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत ‘युरोपीय संघातील तेलांचं मिश्रण’ असं लिहिलेलं असतं. चिलेंतोच्या उतारावरचा पिशोत्ताना या ऑलिव्हच्या वाणाचा वृक्ष, शेकडो वर्षांचा, घरापेक्षा उंच वाढलेला, त्याची फळं जाळी अंथरून हाताने गोळा करावी लागतात. त्या बाटलीशी तो भावात कसा टक्कर देणार? आहाराची जाहिरात जितकी झाली तितका फायदा सपाट जमिनीवर यंत्राने काढणी करणाऱ्याचा.

आपल्यात म्हणतात, पिकतं तिथं विकत नाही. इथे उलटंही खरं ठरलं : जिथून विकलं गेलं तिथे ते पिकलेलंच नव्हतं.

चिलेंतोच्या दारातच एक उलटं उदाहरण आहे. पेस्टमभोवतीच्या सेले नदीच्या मैदानात म्हशी पाळतात आणि त्यांच्या दुधाचं मोझ्झारेल्ला चीज १९९६ पासून मानांकित आहे. ते विमानाने जगभर जातं, कारण मैदान सपाट आहे, गोठे मोठे आहेत, माल रोज निघतो. नदीकाठची म्हैस मूळची माणसाळली ती भारतीय उपखंडात, हे वाचून मराठी माणसाला बरं वाटेल, वाटू द्या. पण कीज ज्या गरीब डोंगरी ताटाबद्दल बोलत होता त्यात या चीजला फारशी जागा नव्हती.

मेनाइका

डोंगर-किनाऱ्याचा माल काय असतो ते एका मासळीवरून सांगतो.

पिशोत्ता गावच्या बंदरावरून एप्रिल ते जुलै या महिन्यांत, समुद्र शांत असेल त्या रात्री, मोजक्या होड्या बाहेर पडतात. होडीला मेनाइका म्हणतात आणि जाळ्यालाही मेनाइकाच. मासा अँकोव्ही, आपल्या मांदेलीच्या कुळातला. जाळ्याची आस, म्हणजे भोकं, मोठी, त्यामुळे लहान मासळी निसटून जाते, मोठी तेवढी अडकते. अडकून धडपडताना तिचं बरंचसं रक्त वाहून जातं. मग एकेक मासा हाताने सोडवायचा, सोडवतानाच डोकं आणि आतडी काढून टाकायची. बर्फ नाही. लाकडी पेट्यांत भरून किनाऱ्यावर आणायचं, मिठाच्या पाण्यात धुवायचं आणि मातीच्या बरण्यांत माशाचा थर, मिठाचा थर असं रचून निदान तीन महिने मुरवायचं. समुद्रालगतच्या जुन्या, गार, ओलसर कोठारांत.

ही पद्धत एकेकाळी भूमध्यसागरात पुष्कळ ठिकाणी होती. आता इथे आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होड्यांवर उरली आहे. स्लो फूड या संस्थेने तिला आपल्या संरक्षणाखाली घेतलं आणि त्यामुळे दूरदूरच्या खवय्यांना तिचं नाव कळलं. चिचेरालेच्या हरभऱ्याला, कोन्त्रोनेच्या घेवड्याला, समुद्रातल्या गोट्याने ठेचून मुरवलेल्या सालेल्ला ऑलिव्हलाही हेच छत्र मिळालं. छत्राचा उपयोग झाला, हे कबूल करायलाच हवं. वाण वाचले. भाव मिळाला. पण मागणी आली म्हणून मेनाइकाचा माल दुप्पट करता येत नाही. होड्या वाढवल्या, आस लहान केली, बर्फ घातला, की ती मेनाइका राहत नाही. परदेशात ज्याची कीर्ती पोचली तो माल पिंपांनी पाठवता येणार नाही, हे त्या कीर्तीतच लिहिलेलं आहे. व्यापारी भाषेत हा दोष. मला ती पद्धतीची ताकद वाटते, पण माझं पोट त्या होडीवर नाही.

जैवविविधतेचं तेच. चिलेंतोचं राष्ट्रीय उद्यान १९९१ च्या कायद्याने झालं, १९९७ मध्ये युनेस्कोने ते जीवावरण क्षेत्र म्हणून मान्य केलं, १९९८ मध्ये पेस्टम आणि वेलियासह (वेलिया म्हणजे तेच एलेआ) ते जागतिक वारसास्थळ झालं. वनस्पतींच्या सुमारे १८०० जाती, नद्यांमध्ये पाणमांजर, कड्यांच्या कपारीत पालिनुरोचा पिवळा प्रिम्युला, जो उद्यानाचं चिन्ह आहे. पण त्या यादीत चिलेंतो आला तो माणसाने घडवलेलं भूदृश्य म्हणून, निर्जन जंगल म्हणून नव्हे. दगडी टप्पे, गुरांच्या वाटा, ऑलिव्हच्या राया. चुना-सिमेंट न वापरता दगड रचण्याच्या कलेला युनेस्कोने २०१८ मध्ये वेगळी मान्यता दिली, इटलीसह आठ देशांच्या नावे. कोकणातला गडगा रचणाऱ्याला त्यात नवीन काही दिसणार नाही. गडगा एका पावसाळ्यात ढासळतो आणि रचणारा हात नसेल तर पुढच्या पावसाळ्यात माती जाते. मान्यतेचं प्रमाणपत्र दगड उचलत नाही.

परदेशात काय चाललं

बाहेर प्रचार जोरात झाला आणि होतो. २०१५ चं मिलानचं जागतिक प्रदर्शन अन्न याच विषयावर होतं. २०१६ पासून इटलीचे दूतावास दर नोव्हेंबरच्या सुमारास जगभर इटालियन पाककृतींचा आठवडा साजरा करतात, आपल्या मुंबईतही. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरलेल्या युनेस्को समितीच्या बैठकीत इटलीच्या स्वयंपाकाची नोंद झाली. आपल्या दिवाळीचीही त्याच बैठकीत झाली. इटलीच्या अर्जाच्या शीर्षकात शाश्वतता आणि जैव-सांस्कृतिक विविधता हे शब्दच घातलेले आहेत. दोनेक हजार कोसांवरून बघताना वाटतं, आता अजून काय हवं?

प्रचार हाताबाहेर गेला की त्याचं काय होतं तेही चिलेंतोने पाहिलं. २०१६ मध्ये रोम आणि कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी पोल्लिकाच्याच हद्दीतल्या अच्चारोलीच्या परिसरातल्या वृद्धांचा अभ्यास केला. लगेच वर्तमानपत्रांत शेकडो शतायुषींचं गाव अशा बातम्या झळकल्या, रोझमेरीला चमत्काराची वनस्पती ठरवण्यात आलं. अच्चारोली हे जेमतेम हजाराच्या आतबाहेर वस्तीचं गाव. त्रैराशिक मांडून बघावं असं कुणाला वाटलं नाही. दीर्घायुष्याच्या अशा गाजलेल्या ठिकाणी जन्ममृत्यूच्या नोंदीच बऱ्याचदा कच्च्या असतात, हे दाखवणाऱ्या संशोधकाला २०२४ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. ते चिलेंतोबद्दल खास नव्हतं, पण लागू पडायला हरकत नाही.

आणि घरी? २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युरोपातल्या मुलांच्या वजनाचे आकडे मांडले तेव्हा लठ्ठपणात पुढे असलेले देश निघाले सायप्रस, इटली, ग्रीस, स्पेन, माल्टा. साधारण पाचातला एक मुलगा. या देशांतल्या मुलांच्या ताटातून भूमध्यसागरी आहार गेला आहे, असं संघटनेच्या अधिकाऱ्याने तेव्हा स्पष्ट म्हटलं होतं. इटलीतही कांपानिया प्रांत या बाबतीत कायम वरच्या रांगेत, आणि चिलेंतो कांपानियातच येतो. स्वीडनमधला डॉक्टर रुग्णाला चिलेंतोचं जेवण लिहून देतो आणि सालेर्नोतलं पोर मोबाइल बघत चिप्स खातं. कुणाच्याही घरी जाऊन बघा, हे चित्र काही परकं नाही.

जे जमलं

सगळं फसलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. माझ्या मते चिलेंतोला दोन गोष्टी नीट जमल्या आणि दोन्हींत माल बाहेर पाठवायच्या आधी माणूस आत आणला गेला.

पहिली, जैविक जिल्हा. सेंद्रिय शेतकरी आणि गावपंचायती एकत्र येऊन २००९ मध्ये चिलेंतोत जैविक जिल्हा उभा राहिला, हा अशा प्रकारचा पहिला मानला जातो. तीसच्या वर गावं त्यात आली. शाळेच्या डब्यात, हॉटेलात, बाजारात जवळचा सेंद्रिय माल आधी. त्यातली मला भावलेली युक्ती म्हणजे किनारे. ऑगस्टमध्ये इथे आंघोळीला माणसांची झुंबड उडते, वरची डोंगरी गावं मात्र ओस. मग शेतकऱ्यांनीच माल घेऊन समुद्रकिनाऱ्यावर यायचं, छत्रीखाली पहुडलेल्या पाहुण्याला अंजीर, चीज, फळं विकायची, आणि तिथूनच त्याला वर शेतावर न्यायचं. माल परदेशात गेला नाही, परदेश मालाकडे आला. ही कल्पना पुढे युरोपात बऱ्याच ठिकाणी उचलली गेली. युरोपीय आयोगाच्या २०२१ च्या सेंद्रिय शेतीच्या कृती आराखड्यात जैविक जिल्ह्यांना प्रोत्साहनाची तरतूद आहे. चिलेंतोतून परदेशात गेलेली सर्वांत टिकाऊ वस्तू कुठली असं मला विचाराल तर मी तेलाची बाटली सांगणार नाही, ही व्यवस्था सांगेन.

दुसरी, शिकणं. पिओप्पीतल्या जुन्या वाड्यात या आहाराचं जिवंत संग्रहालय आहे. पोल्लिकाच्या कापानो सरदारांच्या गढीत बोलोन्याच्या एका संस्थेने गेल्या काही वर्षांत ‘पाइदेइया’ नावाचं शिक्षणकेंद्र चालवलंय. देशोदेशीची तरुण मुलं तिथे राहतात, मासेमाराबरोबर होडीवर जातात, आजीबाईंबरोबर पीठ मळतात, आणि अन्नव्यवस्थेचा अभ्यास करतात. ही मुलं ऑगस्ट सोडून इतर महिन्यांतही येतात, हे गावाच्या दृष्टीने लाखमोलाचं. हिवाळ्यात एक दुकान उघडं राहिलं तर त्याच्या शेजारचं घर विकायला निघत नाही.

या दोन्ही गोष्टींत आकडे लहान आहेत. उद्यानाच्या आतल्या डोंगरी गावांतली माणसं कमी होत चालली आहेत ती याने थांबलेली नाहीत.

आपल्याकडे पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये मानांकन मिळालं आणि २०२४ मध्ये त्याच अंजिराचा रस पोलंडला रवाना झाला, शेतकऱ्यांच्याच कंपनीने पाठवला. ताजं अंजीर दोन दिवसांत उतरतं, म्हणून रस. चिलेंतोत त्यावर तोडगा बोरूच्या तट्ट्यांवर उन्हात वाळवण्याचा. दोन्ही ठिकाणी फळाचं नाव कागदावर आधी पक्कं झालं, मग बाहेर गेलं. हा क्रम बरोबर आहे. पोल्लिकाच्या आहाराच्या बाबतीत क्रम उलटा होता : नाव कीजच्या पुस्तकातून आधी जगभर गेलं, आणि ते कुणाचं हे ठरवायला गाव पस्तीस वर्षांनी बसलं. वास्साल्लोला हे कळत होतं असं मला वाटतं. नाव आता परत मागता येणार नाही, मग निदान ते ऐकून येणाऱ्या माणसाला स्वच्छ समुद्र तरी दिसावा, एवढंच त्याच्या हातात होतं आणि तेवढं त्याने केलं.

डोंगरातल्या स्तीओ गावात १ मे ला एक पदार्थ करतात, चिच्ची मारीताती, म्हणजे ‘लग्न लावलेली कडधान्यं’. नवं पीक येण्याआधी घरातल्या सगळ्या डब्यांच्या तळाशी जे उरलंय ते काढायचं, हरभरे, वाटाणे, मसूर, घेवडा, गहू, मका, भिजवून एकाच भांड्यात शिजवायचं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटायचं. ऋषिपंचमीची भाजी करणाऱ्या घरांना याची चव न खाताही कळेल. या पदार्थाला मानांकन देता येणार नाही, कारण दरवर्षी तो वेगळा होतो. कुणाच्या डब्यात काय उरलंय त्यावर सगळं. चिचेरालेचे हरभरे त्यात असतील तर ते आदल्या वर्षी कुणीतरी पेरले म्हणून.